नऊ आणि दहाच्या मधला दगड

मित्रांनो, मी हद्दीचा एक जुना दगड आहे. पण माझी खरी जागा कोणती, ते मला विचाराल तर मी गोंधळतो.

मोठ्या मालकाची जमीन सरकारने बावीस कुटुंबांना वाटून दिली, तेव्हा पाथरवटाने मला घडवले. एका अंगावर नऊ कोरले, दुसऱ्यावर दहा. तोवर ही सगळी ‘मालकाची माणसे’ होती. मोजणी झाली, मला दोन वाट्यांच्या मधल्या हद्दीवर रोवले आणि सुतार ‘नऊ नंबरवाला’ झाला, शिंपी ‘दहा नंबरवाला’.

झरा सुताराच्या वाट्याला आला. पुरुष कागद आणायला कचेरीत गेले, त्या दुपारी सुतारीण पहार घेऊन आली. सोबत शिंपीण होती.

“पाणी एकाच्याच हद्दीत राहिलं, तर उद्या डोकी फुटतील,” सुतारीण म्हणाली. दोघींनी मला उपटले आणि सुताराच्याच जमिनीत सहा पावले आत, झऱ्याच्या काठावर रोवले. मला वाटले, असेच असते.

वीस वर्षे दोन्ही घरांनी तिथून पाणी भरले. जाता-येता मला कौतुकाने थोपटलेही. मग सुतारीण वारली. पुढे नवी मोजणी झाली. मोजणीदार म्हणाला, “दगड सहा पावलं सरकलाय.”

सुताराने शिंप्याला चोर म्हटले. शिंप्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हते. दोन्ही घरांतले बोलणेचालणे तुटले. सुताराने मला उपटून कुंपणाशी टाकले. माझ्या आकड्यांवर शेवाळ चढले. मी नऊचा की दहाचा, की कुणाचाच नाही?

शेवटी शिंपीण सुताराच्या दारात गेली. “भाऊजी, दगड तुमच्या बायकोने हलवला. मी पहार धरली होती.”

“मला का नाही सांगितलं तिने?”

“सांगितलं असतं, तर हलवू दिला असता?”

 चार दिवस सुतार कामालाही गेला नाही. पाचव्या दिवशी त्याने मला उचलून झऱ्यावर नेले आणि खड्डा खणायला घेतला.

“वहिनी, इथेच ना?”

“हातभर अलीकडे,” शिंपीण म्हणाली.

त्याने पहिला खड्डा बुजवला आणि हातभर अलीकडे दुसरा खणला.

कागदावर मी आजही चुकीच्या जागी आहे. बरोबर कोण, मला ठरवता येत नाही. एवढेच मागतो, मित्रांनो: माझ्यासारख्या दगडाला पहार लावण्याआधी, तो तिथे का रोवला ते कुणाला तरी विचारा. सांगणारी माणसे फार दिवस नसतात.