उडीचं शेपूट

कार्ड अजून गार होतं. नखाएवढं काळं कार्ड, मघाशी ढगांच्या वरून आलेलं. तिने ते चिमटीत थोडा वेळ धरून ठेवलं, गारवा गेल्यावरच संगणकात घालायचं म्हणून... असा काही नियम नव्हता, आपली एक सवय. खिडकीबाहेर तिचा धाकटा भाऊ, तोंडात अर्धं केळं धरून, गवतावर पसरलेलं पॅराशूट कवेत गोळा करत होता. म्हणजे तो खाली आलेला होता, धडधाकट होता, आणि आता पडद्यावर जे बघायचं ते सगळं होऊन गेलेलं होतं. तरी कार्ड आत सरकवण्याआधी तिने खिडकीतून त्याच्याकडे पुन्हा एकदा बघून घेतलं.

त्याला इथे सगळे खारू म्हणतात. लहानपणी तो झाडावरून उतरायचाच नाही, ते नाव तिनेच ठेवलेलं, आणि ते तो इथवर घेऊन आला. विमानातून उडी मारायला हौशी माणसं येतात, प्रशिक्षकाच्या छातीला पट्ट्यांनी बांधलेली; खारू हेल्मेटवर कॅमेरा लावून त्यांच्यासमोर पडत राहतो आणि त्यांचं पडणं टिपतो. खाली ती ते कापते, जोडते, संगीत लावते. विमानाचं दार, वाऱ्याने फुगलेले गाल, किंचाळणं, हसणं. मग त्यांचं पॅराशूट उघडतं आणि ती माणसं चौकटीतून वर ओढली गेल्यासारखी नाहीशी होतात. तिथे कापायचं. बाहेर बाकावर गिऱ्हाईक वाट बघत असतं, घरी जाण्याआधी त्याला स्वतःला आकाशात बघायचं असतं. त्यापुढचं कोणालाच नको असतं. त्याला ती शेपूट म्हणते, मनातल्या मनात. शेपटात खारू एकटा असतो, अजून पडत असतो, त्याचं स्वतःचं पॅराशूट उघडायचं राहिलेलं असतं.

टेबलावर दोन नवे कॅमेरे होते. जुन्याच्या काचेवर ओरखडे आलेले, आणि मालकांनी निवड तिच्यावर सोपवली होती. “वापरायचं तुम्हालाच आहे, तुम्हीच ठरवा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,” असं म्हणून ते मोकळे झाले. सकाळी दुकानदार येऊन दोन्ही दाखवून गेला होता. गडी बोलायला भारी.

“हा बघा ताई, वजनाला पीस. तुमच्या माणसाच्या मानेला आराम. आणि कार्ड काढायची भानगडच नाही, तो जमिनीला लागेपर्यंत व्हिडिओ तुमच्या संगणकात.”

“आणि कापायचं?”

“तेही तोच करतो. हवेच्या दाबावरून उंची कळते त्याला. गिऱ्हाइकाचं पॅराशूट उघडायची उंची आली की हा पुढचं घेतच नाही. पुढचा कचरा तुम्हाला बघायलाच नको.”

कचरा. ती मान डोलावून हसली होती. दुसरा कॅमेरा जड, कार्डाचाच, चित्र जरा स्थिर एवढाच त्याचा मोठेपणा. शहाण्या माणसाने पहिला उचलावा, यात विचार करण्यासारखं काय आहे? पाठ दुखायची थांबेल, दिवस कलायच्या आत घरी जाता येईल, शिवाय खारूची मान... पण मग शेपूट येणार नाही.

पूर्वीची शेपटं तिला पाठ होती. माणसं वर गेली की चित्र लगेच वळायचं, त्याच्या मनगटाकडे, उंचीच्या घड्याळाकडे. मग हात मागे, एक हिसका, आणि नुसतं आकाश. इतकं साधं. पण वसंतात त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. “ठीक आहे गं,” एवढंच तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून जास्त उड्या घ्यायला लागला. जेवतो नीट, थट्टा करतो, आईचा फोन आला की बहिणीच्या आधी हाच बोलून घेतो. पण शेपटात तो मनगटाकडे बघत नाही. खाली बघतो. शेतं, रस्ता, निळ्या पत्र्याची शेड, म्हणजे ही, जिच्यात मी बसले आहे ती, मोठी होत जाते, पत्रे मोजता येतील इतकी, आणि मग कुठे हात मागे जातो. रोज थोडा उशिरा. फारच खाली गेला तर पाठीवरचं यंत्र राखीव पॅराशूट आपोआप उघडतं, हे तिला माहीत होतं, मालकांनी दोनदा समजावलं होतं. त्याने बरं वाटायचं, नाही असं नाही. पण तो काय बघतो, हे त्या यंत्राला थोडंच माहीत आहे? तिला भीती वाटत होती. सरळ, साधी भीती, आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण जिच्याबद्दल सांगायचं ती गोष्ट बाहेर केळं खात होती.

दार ढकलून तो आत आला आणि एक कॅमेरा हातात तोलू लागला. “हा हलका आहे. हाच घे की.”

“हा घेतला तर शेपूट येणार नाही.” बोलून गेली ती.

“कसलं शेपूट?”

“माणसं वर गेल्यानंतरचं. तुझं.”

त्याने कॅमेरा हळूच खाली ठेवला. “ते तू बघतेस?”

“रोज.”

“मला वाटलं कापतेस.”

“बघून कापते.” तिने पडद्यावरची नजर काढली नाही. “मनगटाकडे उशिरा बघतोस तू हल्ली.”

तो हसला. “तू म्हणजे आईच्या वरताण आहेस, ताई.”

“एवढं काय बघतोस खाली?”

“काही नाही गं.” शर्टाच्या टोकाने तो हेल्मेट पुसत राहिला, पुसून झालं तरी. “तिथे बरं वाटतं. कोणी काही विचारत नाही.”

बाहेर पुढच्या विमानाची हाक आली आणि तो गेला.

दुपारचं कार्ड तिने गार असतानाच घातलं. गाल, किंचाळणं, हसणं सगळं पुढे ढकललं. माणसं वर गेली — आणि चित्र झटकन मनगटाकडे वळलं, पूर्वीसारखं, पूर्वीपेक्षाही लवकर. मग हातमोज्यातला अंगठा भिंगासमोर आला, वर केलेला. तिच्यासाठी. ती मोठ्याने हसली, डोळ्यांत पाणी आलं, गाढव कुठला, म्हणाली. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं.

मग तिने ते परत लावलं. मान किती ताठ धरली होती त्याने, मनगटाच्या रेषेत, गुरुजी मागे उभे असल्यासारखी... कॅमेरा डोक्यावर असतो, डोळ्यांत नसतो. डोळे कुठे होते? आजवर तो बघत होता तेच मी बघत होते, त्याला पत्ताही नव्हता, आणि तेवढं एकच ठिकाण होतं जिथे तो मला दाखवायचं म्हणून काही करत नव्हता. आता तिथेही तो कॅमेऱ्यासमोरच्या गिऱ्हाइकांसारखा माझ्याकडे बघून हसणार. विचारलं नसतं तर? पण न विचारता कसं राहायचं?

मालक दारात डोकावले. “मग, ठरला का कॅमेरा?”

“कुठलाही चालेल,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं हे ऐकून तिलाच धस्स झालं.

खिडकीबाहेर खारू पॅराशूट कवेत घेऊन उभा होता, तिच्याकडेच बघत, अंगठा वर करून. तिनेही अंगठा वर केला. आणि हसताना तिच्या लक्षात आलं की आपणही मान अगदी ताठ धरली आहे, त्याला इकडून काही दिसू नये म्हणून.