सामानाची खोली

सिमेंटच्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा, राखाडी, कडेला केसासारखे धागे सुटलेले... आधारनानांनी तो गालाला लावून पाहिला. गार होता. पंख्याखाली पडलेला तुकडा गारच असणार.

"मे महिन्यातसुद्धा कमी तापतो, नाना," पत्र्यांचा दुकानदार रतनलाल शेठ म्हणाला. "लोखंडी पत्रा मजबूत, पण त्याच्या खाली भाकरी शेकून घ्या!"

पंडित हसला, मान डोलावली. आपला मुलगा जरा जास्तच मान डोलावतो आहे, असं नानांना वाटलं.

पिंप्राळ्यातल्या घरामागे, अंगणात, सामानाची खोली बांधायची होती. सामान म्हणजे जुनी सायकल, हिवाळ्यात रिकामा पडणारा कूलर, ट्रंका, पऱ्हाट्यांचं, कपाशीच्या वाळक्या काड्यांचं, जळण. यातल्या कशाला ऊन बाधतं? सायकलीला घाम फुटतो? पंडितच्या खिशातला कागद त्यांनी सकाळीच पाहिला होता... सात बाय दहा, खिडकी एक. खिडकी! ट्रंका काय बाहेर बघत बसणार? आणि आता शेजारी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या सुनेनं, पुष्पानं, मागच्या रविवारी त्यांच्या खाटेची लांबी-रुंदी मोजली होती. चादर शिवायची म्हणाली. चादर अजून आली नव्हती.

मी उगाच तर जुळवत नाही ना... पण जुळवायला शिकवलं कोणी? नरडाण्याजवळच्या गावात, लग्नानंतरच्या वर्षी, मीच तर पऱ्हाट्यांचा कूड उभा केला होता, शेणमातीनं लिंपला होता. 'आबा, कपाशी ठेवाले जागा करी राहिनू.' आबा, माझे वडील, उन्हात बसून बघत होते. कपाशी संक्रांतीपर्यंत विकली गेली, आणि होळीला आबांची खाट तिथं गेली. 'आठे वारा चांगला शे, आबा.' आबा म्हणाले, 'शे ना.' एवढंच. सुंदरबाई तेव्हा ओटा सारवत होती, नवी नवरी, ओठांतल्या ओठांत गुणगुणत...

बाप बांधे घर, दार ठेवे मोठं
लेक व्हये मोठा, दार व्हये छोटं

ती मुद्दाम म्हणाली की सहज, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आता विचारायला तीही उरली नव्हती.

"नाना, तुमले कोणता पसंत शे?" पंडितनं विचारलं. शहरात मराठी बोलणारा पोरगा, काही गोड करायचं असलं की गावच्या बोलीत उतरतो.

नानांनी तुकडा खाली ठेवला. रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं ते लोखंडी पत्र्याखाली राबले होते. दुपारी तिथं कुत्रंही झोपत नसे.

"लोखंडी," ते म्हणाले आणि दोघांकडे बघत राहिले.

"तापतो हो, नाना," पंडित लगेच म्हणाला.

"तापू द्या की," पुष्पा नवऱ्याला म्हणाली, "सामानच तर आहे. तुमचं आपलं काहीतरीच!"

झालं. सापळा लावला आणि एकाच वेळी दोन पाखरं बसली. कुणाचं खरं मानायचं? सुनेचं खरं, तर मी घरात. मुलाचं खरं, तर... पण उन्हाची काळजी मुलालाच वाटली. जो मला बाहेर काढणार तोच माझ्या डोक्यावरच्या उन्हाला भितो. जी मला घरात ठेवते तिला सामानाच्या पुढं काही दिसत नाही. आबांनी माझ्यात काय पाहिलं असेल?

रतनलालनं 'लोखंडी' लिहिलं. पेन्सिल कानावर ठेवता ठेवता थांबला. "दरवाजाला कडी बाहेरूनच ना? की आतूनही लावू?"

पंडितनं पुष्पाकडे पाहिलं, पुष्पा पिशवीचे बंद सारखे करू लागली. हेच, याचंच उत्तर नानांना सकाळपासून हवं होतं. आता बोला. बोला ना...

"दोन्हीकडून लावा." आवाज त्यांचाच होता, अर्धा चहा मागावा इतका साधा.

"आतून कशाला हो, नाना?" पुष्पानं विचारलं.

तिच्या तोंडावरचं नवल खरं वाटत होतं, इतकं खरं की कदाचित कुणाच्याच मनात काही नव्हतं. मग खाटेची ही खोली आत्ता बांधली कुणी, मीच? पंडित मात्र मान खाली घालून उभा होता, सुटका झाल्यासारखा की दुखावल्यासारखा, कळेना. आणि नवल असं की नानांना कळून घ्यायचंही नव्हतं. मनातल्या मनात त्यांनी आतली कडी सरकवली होती. आत ऊन होतं, खाट होती, आणि खाटेवरचा म्हातारा दार वाजलं तरी उठायला तयार नव्हता.