दुसऱ्या नावाचा रकाना

आमच्या कंपनीत कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद होते: कोणी केला, कधी, कशासाठी. ती यादी वाचता वाचता माणूस निवृत्त होईल. म्हणून साहेब म्हणाले, "एका बदलाला एकच ओळ. तारीख, नाव, काम. चौघांपैकी एकाला कमी करायचंय, शुक्रवारी यादी बघूनच ठरवू."

यादीचा साचा बांधायचं काम माझ्याकडे आलं. दहा मिनिटांत बांधला. तारीख निळी, नाव हिरवं. चालवून पाहिला, तर पानभर मीच!

काकूचं नाव औषधालाही नाही. काकू म्हणजे आमची सहकारी. वयाने माझ्याहून लहान, पण सगळ्यांना रागावते म्हणून काकू. प्रोग्रामचा अर्धा गाभा तिचा.

कारण लगेच कळलं. प्रत्येक बदलाला दोन नावं असतात. एक लिहिणाऱ्याचं, दुसरं तो तपासून मुख्य कोडमध्ये घालणाऱ्याचं. घालणारा मी. साच्यात मी नेमकं दुसरं नाव घेतलं होतं. चुकून, शपथेवर सांगतो. तसंच राहू दिलं ते मात्र चुकून नव्हे.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"आयत्या बिळावर नागोबा," ती म्हणाली.

"नागोबालाही मुलांची फी भरायची असते."

"मग फणा काढून बस की. साच्यात कशाला लपतोस?"

गुरुवारी काकू खुर्चीमागे येऊन उभी. "काय हो, झाली का यादी? माझं नाव शेवटी असलं तरी चालेल, बरं का. असलं म्हणजे झालं."

थट्टाच होती. मी हसलो. ती गेल्यावर रकाना बदलला आणि यादी पुन्हा काढली. काकू, काकू, काकू, मधूनच बाकीचे दोघे. माझ्या तीन ओळी उरल्या. दोन शुद्धलेखनाच्या. तिसरी त्याच दिवशीची: "यादीत लिहिणाऱ्याचं नाव घातलं."

शुक्रवारी साहेबांनी चष्मा वर केला. "वर्षभरात तुमच्या तीनच ओळी?"

"हो. पण तिन्ही मीच लिहिल्यात."

सोमवारपासून घरी भाजी मी निवडतो. मंगळवारी काकूचा फोन आला. म्हणाली, "तो हिरवा रंग किती भडक ठेवलात हो! डोळे दुखतात."

चांगलीच रागावली.