घरी कोण असतं?

आत्याचं डोकं आता चालत नाही, एवढं डॉक्टरांच्या तोंडून निघालं की भाच्याचे तीन फायदे होते. आत्या त्याच्या घरी जाणार, तिची बेकरी त्याच्या हाती येणार आणि तीस वर्षं तिच्याबरोबर राहिलेली शिंपीणबाई बाहेर पडणार. तिसऱ्यात कमाई काहीच नव्हती, पण गोडी सगळी त्यातच.

म्हणून दवाखान्यात त्याने शिंपीणबाईंना बाकावरच बसवलं. म्हणाला, "आत फक्त घरची माणसं."

डॉक्टरीणबाईंनी आत्याला तीन शब्द लक्षात ठेवायला दिले: दिवा, खुर्ची, कंगवा. मग सहज विचारलं, "आजी, घरी कोण असतं तुमच्याबरोबर?"

आत्याने भाच्याकडे पाहिलं. मग दाराकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

"बघा!" भाच्याची कळी खुलली. "घरात कोण आहे तेही आठवेना!"

आठवत कसं नव्हतं? उलट उत्तरंच जास्त होती. शेजाऱ्यांना सांगायला मामेबहीण, गिऱ्हाइकांना भाडेकरू, नातेवाइकांना 'ती होय, येते कधीमधी'. एकदाच ती खरं बोलून गेली, तर भावाने, म्हणजे याच्याच बापाने, भर दुकानात तिच्या कानाखाली वाजवली. पुढे कित्येक दिवस गिऱ्हाईक फिरकेना, पाव तसेच शिळे होत राहिले. तेव्हापासून समोर कोण आहे हे पाहिल्याशिवाय तिची जीभ हलत नसे.

डॉक्टरीणबाईंनी भाच्याला बाहेर पाठवलं. "आता सांगा."

"माझं माणूस असतं," आत्या लगेच म्हणाली. "गुडघा दुखतो तिचा, पण कबूल करेल तर शपथ. चहात चोरून साखर घालते."

"आणि ते तीन शब्द?"

"दिवा. खुर्ची..." तिसरा काही केल्या येईना.

डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या दोघांना आत बोलावलं. "विसरतात, हे खरं आहे. जन्मभर जिवाला घोर असला की डोकंही झिजतं. पण घर त्यांना पक्कं ठाऊक आहे. तिथेच राहू द्या. औषधं या बाई देतील."

"या बाई कोण लागतात हिच्या?" भाचा उसळला.

शिंपीणबाईंचं लक्षच नव्हतं. "अगं, केसांचं काय घरटं करून घेतलंस!" म्हणत त्यांनी पिशवीत हात घातला.

"कंगवा!" आत्या ओरडली, आणि भाच्याकडे न बघताच हसली.

भाच्याचं गेलं ते येण्याजाण्याचं भाडं. त्याच्या बापाने त्या थपडेची किंमत कधीच भरली नाही. तो सुखाने मेला. ती फेडली आत्याने, डोक्यातला एकेक शब्द देऊन. उरलेलं आता शिंपीणबाई फेडतील, रोज सकाळी आज वार कोणता ते सांगत.