आतून लावायची कडी

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसाला वस्तूचं नाव सहसा माहीत नसतं. "ते हे असतं ना दाराला, असं असं फिरतं," म्हणत लोक हवेत बोटं नाचवतात आणि त्यावरून मी बिजागरी ओळखायची. म्हणून त्या पोरीने काउंटरवर दप्तर ठेवून घडाघडा सांगितलं, तेव्हा मी खूश झाले. आतून लावायची कडी, लहान, साध्या स्क्रूने बसणारी आणि लावताना आवाज न करणारी.

"आवाज न करणारी कशाला गं? खोलीत बसून चोरून खाऊ खातेस का?" माझं तोंड हे असं आहे, डोक्याच्या आधी चालतं.

ती हसली नाही. "मिळेल का, काकू?"

"काकू नको म्हणूस. कुणी काकू म्हटलं की मला भांडायला उठावंसं वाटतं. मावशी म्हण."

"मिळेल का, मावशी?"

कडी होती. तेलाचा थेंब टाकून मी ती दोनदा सरकवून दाखवली. बसवणार कोण विचारलं, तर म्हणाली मीच. मग मी फळीचा तुकडा आणि स्क्रू ड्रायव्हर तिच्यापुढे सरकवला, म्हटलं कर बघू. तिने उजव्या हाताने धरला, लगेच सोडला आणि डाव्या हातात घेतला. मी तिचा उजवा हात ओढून पालथा केला. बोटांवर आडवे वळ होते आणि दोन बोटं सुजून मिटत नव्हती.

"कुणी केलं हे?"

"बाबांनी. गणित चुकलं की."

तिच्या बाबांना मी ओळखत होते. आमच्या भागात त्यांना ओळखत नाही असं घर नाही. सगळे त्यांना सर म्हणतात. गणितात गटांगळ्या खाणारी पोरं त्यांच्या क्लासला जाऊन पास होतात, आणि सरांचं कौतुक काय, तर ते कधी आवाज चढवत नाहीत. मीसुद्धा हे कौतुक चारचौघांत केलेलं आहे.

"ते खरंच ओरडत नाहीत," ती म्हणाली. "ओरडत आले असते तर बरं झालं असतं. मी टेबलाशी बसलेली असते. ते मागे कधी येऊन उभे राहतात कळतच नाही. कळतं तेव्हा पट्टी बसलेली असते."

"आणि आई?"

"आई टीव्हीचा आवाज वाढवते."

मला इतका राग आला की हातातली कडी मी काउंटरवर आपटली. पोर दचकून मागे सरली, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

"कुणाला सांगू नका हं, मावशी."

"ते मी कबूल करणार नाही," मी म्हटलं. "हा माल मी विकते, मला माहीत आहे. एका लाथेत निघेल ही कडी. ज्यांचं हे काम आहे त्यांना सांगू. तू फक्त खरं बोलायचंस."

तिने काउंटरवरचा तेलाचा डाग पुसला. मग म्हणाली, "माझ्या बाजूने कोण असेल?"

"मी."

"बरं," ती म्हणाली आणि कडी दप्तरात टाकून गेली.

आमचे हे मागे नळाच्या तोट्या लावत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "नसत्या भानगडीत पडू नकोस," म्हणाले, आणि थोड्या वेळाने मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या कार्यालयाचा नंबर त्यांनीच शोधून आणला. मी फोन केला. बजावून सांगितलं, शाळेत जा, तिला एकटीला भेटा, हात बघा. पलीकडची बाई म्हणाली, "आमचं काम आम्हाला कळतं, ताई."

काय कळतं ते मग कळलं. घरी कधी आलेलं सोयीचं होईल, असं त्यांनी सरांनाच फोन करून विचारलं. दोघी गेल्या, त्यातल्या एकीचा मुलगा सरांच्याच क्लासचा. सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि बापाच्या शेजारी बसलेल्या मुलीला विचारलं, घरी काही त्रास आहे का. ती म्हणाली नाही. हात ड्रॉवरमध्ये सापडला म्हणाली. हे सगळं मला त्याच बाईने फोनवर सांगितलं, वर म्हणाली, "मुलगीच नाही म्हणते, मग आम्ही काय करणार?" मी तिला नाही नाही ते बोलले. तिने फोन ठेवला.

त्यानंतर पोर दुकानावरून जायची ती समोरच्या फुटपाथने. मी हाक मारली तरी वळायची नाही. माझ्या बाजूने कोण, हे तिने विचारलं होतं आणि मी केवढ्या तोऱ्यात उत्तर दिलं होतं. ते आठवून मला जेवण जाईना.

मग एके दिवशी सर स्वतःच आले. बरोबर ती.

"ताई, ही तुमच्याच दुकानातली ना?" त्यांनी कडी काउंटरवर ठेवली, शेजारी कागदात गुंडाळलेले स्क्रू. "पैसे परत नकोत हो. आता उपयोग नाही, म्हणून आणली. खोलीचं दारच काढलं मी. मुलांना कोंडून घ्यायची सवय चांगली नाही. पण मुलगी मोठी होतेय, तेव्हा पडदा तरी हवा. एक रॉड द्या. काकूंना माप सांग, बाळ."

"तीन फूट, काकू," ती म्हणाली.

काकू.

"सर, मी पुन्हा तक्रार करणार आहे," मी म्हटलं.

"जरूर करा." आवाज तोच, मऊ. "पण आधी हिलाच विचारा ना. बाळ, काही त्रास आहे का तुला घरी?"

तिने फरशीकडे बघत नकारार्थी मान हलवली. तो रॉड त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला, आणि मी काय केलं, तर मापाला कापून दिला. करवत दोनदा निसटली.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. कुणाचे तरी पालक होते. बोलत बोलत ते पायरी उतरून बाहेर गेले.

"मी परत फोन करते," मी घाईघाईने म्हटलं. "वरच्या साहेबांना भेटते. या वेळी शाळेत..."

"नको, मावशी. ते आधी घरीच फोन करतात." मला मावशी म्हणाली, पण बोलणं मोठ्या बाईसारखं होतं. "कड्या द्या."

"कसल्या कड्या?"

"पडद्याच्या."

मी प्लॅस्टिकच्या चांगल्या, अलगद सरकणाऱ्या काढल्या. तिने त्या परत सरकवल्या.

"लोखंडी द्या. पडदा हलला की वाजतील अशा."

मी खाली वाकून जुना डबा ओढला. एकेक कडी रॉडच्या तुकड्यावर सरकवून बघितली, जी खडखडेल ती बाजूला काढली. तीही काउंटरवरून वाकून ऐकत होती आणि बोटाने दाखवत होती, ही नको, ती.

"झालं का, बाळ?"

सर तिच्या मागे उभे होते. ते आत कधी आले, आम्हा दोघींनाही कळलं नव्हतं.