डॅशबोर्डवरचं कासव

वैशालीच्या गाडीत पिवळा दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, "कासव हाय." चित्र इंजिनाचं होतं. पण गोमाजींनी बत्तीस वर्षं ट्रक चालवला होता. इंजिन कसं दिसतं ते कंपनीने त्यांना शिकवायची गरज नव्हती.

वैशाली महाडच्या एका लॅबमध्ये कामाला होती. सकाळी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधून रक्ताचे नमुने घ्यायचे, बर्फाच्या डब्यात ठेवायचे आणि साडेअकराच्या आत महाडला पोचवायचे. नवरा भरत मुंबईत. दिवा लागल्याचं कळल्यावर त्याने फोनवरून सल्ला दिला, त्यावर काळी पट्टी चिकटव. पेशंटची साखर वाढली तर रिपोर्टवरही पट्टी चिकटवू का, असं तिने विचारलं. तेवढ्यात त्याची मीटिंग सुरू झाली.

हायवेलगतच्या एका गॅरेजवाल्याने लॅपटॉप लावून दिवा पुसून टाकला. पुसलेला दिवा पोलादपूर यायच्या आत परत उगवला. दुसऱ्या खेपेला त्याने सायलेन्सरजवळचा सेन्सर वायरीसकट नवा बसवला. गाडी सहा दिवस शहाण्यासारखी वागली आणि सोमवारी सकाळी कासव हजर. त्या दिवशी ती चढावर अडखळत बंद पडली. डबा लॅबमध्ये पोचेपर्यंत त्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. चौदा नमुने फेकावे लागले, चौदा जणांना पुन्हा सुई टोचावी लागली. सत्तरीच्या सुंदराबाईंनी हात पुढे केला आणि विचारलं, "पयलं रगात काय सांडलंस गो?"

वैशालीला मान वर करवेना. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, आता इंजिनच उतरवून बघावं लागेल. हे तो इतक्या आनंदाने म्हणाला की तिने त्याचा नंबरच पुसून टाकला.

मग ती लतीफभाईंकडे गेली. मस्कतला अठरा वर्षं गाड्या दुरुस्त करून आलेला हा माणूस महाडात एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचा. त्यांनी आधी काहीच जोडलं नाही, नुसते प्रश्न विचारत राहिले. दिवा कधी लागतो? थंड गाडीत की तापल्यावर? वैशाली तारखा लिहून ठेवणारी बाई. डायरी काढली तर दिवा दर वेळी सोमवारीच लागलेला. "गाडीला पण सुट्टीनंतर कामावर यायचा कंटाळा," लतीफभाई म्हणाले आणि मग कुठे त्यांनी स्कॅनर लावला. स्कॅनरचं बोट त्याच सेन्सरकडे. पण नवा सेन्सर आठवड्यात मरत नाही, असं म्हणून ते टॉर्च घेऊन वायरीच्या मागे लागले.

वायर कुरतडलेली होती, आतली तांब्याची तार दिसेपर्यंत. त्यांनी बॅटरी उचलली. खाली कापूस, चिंध्या, लेंड्या आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे. लतीफभाईंनी सगळं वर्तमानपत्रावर नीट मांडलं.

"ताई, उंदीर गाडीत राहायला येतात, ते मी समजू शकतो. पण ह्यांना जेवण कोण पुरवतं?"

वैशालीला उत्तर ठाऊक होतं. दर रविवारी संध्याकाळी सासरे गाडी धुऊन नारळ फोडायचे. उरलेलं खोबरं कुठे जातं, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं.

घरी येऊन तिने कागद त्यांच्यापुढे उघडला. गोमाजींनी आधी ते खोबरं आपलं नसल्याचं सांगितलं. मग म्हणाले, ट्रकला ते कायम इंजिनापाशी ठेवायचे, बत्तीस वर्षांत ट्रक एकदाही दगा देऊन गेला नाय. तिने विचारलं, ट्रकात उंदीर नव्हते का?

"व्हते की. पण वायरी कुठं व्हत्या? एक दिव्याची नि एक हॉर्नची."

तिला हसू येत होतं, रागही येत होता. सुंदराबाईंचा सुरकुतलेला हात आठवला आणि राग वरचढ ठरला. ती बोलली. माणसांना दोनदा टोचावं लागलं, नोकरीवर गदा येणार होती, आणि तुम्ही रोगच पोसताय. म्हातारा कागदाची घडी घालत म्हणाला, "घाटात तू एकटी जातेस. माझ्याच्यानं दुसरं काय व्हतंय?"

तिने चहा साखर जास्त घालून दिला, त्यांना मना असूनही.

दुसऱ्या दिवशी गोमाजी स्वतः तिच्याबरोबर महाडला आले. लतीफभाईंनी नवी वायर टाकली, वरून जाड नळी चढवली, आणि गोमाजींनी बॅटरी उतरवून खालचं सगळं आपल्या हाताने घासलं. घासता घासता त्यांनी लतीफभाईंच्या कामात सहा चुका काढल्या. लतीफभाईंनी त्यातल्या दोन मान्य केल्या आणि उरलेल्यांसाठी चहा मागवला.

त्यानंतर सहा सोमवार गेले. दिवा लागला नाही. नारळ अजून फुटतो, पण खोबरं थेट कालवणात जातं. पोलादपूरच्या नाक्यावर गोमाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात, की मोठमोठे गॅरेजवाले आणि मस्कतवालेसुद्धा हरले, शेवटी वायर कोणामुळे तुटत होती ते सांगणारा घरातलाच माणूस निघाला. वैशाली शेजारून नमुन्यांचा डबा घेऊन जाते आणि त्यांना दुरुस्त करत नाही.