फोटोखालची ओळ

मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे. पाण्याचा नव्हे, निरोपांचा. जनावरांच्या दवाखान्याच्या चॅटबॉटमध्ये पायथॉन भाषेत लिहिलेल्या चार ओळी, एवढाच माझा देह. हात नाहीत, पाय नाहीत, पण नाक खुपसायची सवय मात्र जन्मजात. येणारा प्रत्येक निरोप आधी माझ्यासमोरून जातो.

मला घडवलं डॉक्टरांच्या वहिनींनी. त्याआधी दवाखान्याच्या फोनवर सकाळपासून फुलांची चित्रं, शुभेच्छा आणि विनोद यांचा नुसता पूर यायचा आणि आजारी जनावराचा निरोप त्यात बुडून जायचा. वहिनींनी औषधांच्या फ्रिजशेजारी स्टूल ओढलं, चॅटबॉटची ‘लायब्ररी’, म्हणजे दुसऱ्यांनी आयता लिहून ठेवलेला कोड, उघडली आणि मला दोन नियम शिकवले. निरोपाच्या मजकुरात ‘तातडीचे’ हा शब्द दिसला, की घंटा वाजवायची. बाकी सगळं, फोटोसुद्धा, ‘सावकाश’ नावाच्या कप्प्यात टाकायचं. तो कप्पा डॉक्टर संध्याकाळी बघत. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुमचा हा फिल्टर म्हणजे लाख मोलाचा!" मी फुशारून गेलो.

वहिनींना मात्र एक खोड होती. रोज जेवायला बसण्याआधी त्या ‘सावकाश’ उघडून मी टाकलेलं सगळं नजरेखालून घालत. मला त्याचा राग यायचा. एवढा अविश्वास?

मग एका दुपारी शिंपीकाकांचा निरोप आला. काका एकटे राहायचे. घरात बोलायला एक मांजरी, तेवढीच. फोटोत तीच होती, तोंडातून निळा दोरा लोंबत होता. आणि फोटोखाली ओळ होती, ‘तातडीचे. दोऱ्यासकट सुई गिळली.’ मित्रांनो, लायब्ररीच्या लेखी फोटोखालची ओळ म्हणजे मजकूर नव्हेच. तिची जागा वेगळी. त्या जागी बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मला मजकूर कोरा दिसला आणि मी मांजरीला खुशाल ‘सावकाश’मध्ये टाकलं.

काका फोन हातात धरून वाट बघत बसले. दहा मिनिटांनी वहिनींनी डबा बाजूला सारून कप्पा उघडला आणि त्या ओरडल्याच, "भाऊजी, शिंपीकाकांना आत्ताच्या आत्ता बोलवा! आणि दोरा ओढू नका म्हणावं!"

मांजरी वाचली. सुई बशीत ठेवत डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुमचा फिल्टर आंधळा निघाला की!"

"तो कशाला आंधळा? फोटोखाली बघायचं मीच शिकवलं नव्हतं त्याला."

आणि तिथेच, उपाशीपोटी, त्यांनी माझ्यात एक ओळ वाढवली. स्वतःची चूक अशी चारचौघांत कबूल करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्या खोडीचा मला कधी राग आला नाही.

तेव्हापासून काका रोज दुपारी मांजरीचा फोटो पाठवतात. डॉक्टरांची धांदल नको, म्हणून खाली लिहितात, ‘तातडीचे नाही.’ मला शब्द दिसतो, ‘नाही’ कळत नाही. मी ठणाणा घंटा वाजवतो. वहिनी तेही दुरुस्त करायला बसल्या होत्या, तर डॉक्टरच म्हणाले, "राहू द्या, वहिनी. दोघं ठीक आहेत, हे रोज कळतं."

आता माझ्या जागी अर्थ समजणारा नवा फिल्टर येणार म्हणतात. येऊ दे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तो कितीही हुशार असला, तरी त्याने बाजूला टाकलेलं जेवणाआधी एकदा बघत जा. आणि काकांची घंटा तेवढी त्यालाही शिकवा.